श्री. शिकलगार वगळता

आमच्या तलावाच्या दारात एक पाटी आहे. 'तलावात छायाचित्रण व चित्रीकरण करू नये. आपण पोहायला आला आहात. (श्री. शिकलगार वगळता)' पाटी काळी, अक्षरं पिवळी, आणि कंसातला मजकूर नंतर घुसवलेला असल्यामुळे तो बारीक आणि जरा उताराला लागलेला. नवीन माणसं पाटी वाचून दोन प्रश्न विचारतात. हे शिकलगार कोण? आणि शिकलगार पोहायला आलेले नाहीत, असं म्हणायचंय का? आमचे व्यवस्थापक दामले दोन्हींचं उत्तर देत नाहीत. ते म्हणतात, "वाचता आली ना? मग झालं."

शिकलगारांना जाऊन आता आठ महिने झाले. जाऊन म्हणजे तसं नव्हे हो, नाशिकला. मुलीकडे. माणूस ठणठणीत आहे आणि परवाच फोनवर मला म्हणाला, "बाई, आवाजावरून वाटतंय की तुम्ही पुन्हा मान वर काढून पोहताय." आता आवाजावरून मान कशी दिसते हे मला विचारू नका. त्यांना दिसते.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते कमरेइतक्या पाण्यात चालताना. आमची बॅच सकाळी दहाची, साठीच्या अलीकडल्या-पलीकडल्यांची. गुडघ्यांसाठी पाण्यात चालणारे आमच्यात पुष्कळ. त्यांतच हा उंच, सडपातळ गृहस्थ उथळ बाजूच्या दांडीला हात लावून येरझाऱ्या घालायचा. चष्मा काळ्या दोरीने गळ्यात अडकवलेला. मधेच थांबायचा आणि एक डोळा बारीक करून आमच्याकडे बघत राहायचा. मला रागच यायचा. पुढे कळलं की चाळीस वर्षं कॅमेऱ्यामागे काढलेल्या माणसाचा एक डोळा बघताना आपोआप मिटतो.

हुसेन शिकलगार लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचे. कसबा पेठेत त्यांच्या आजोबांचं सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचं दुकान होतं, त्याच जागेत यांनी कॅमेरा मांडला. पेठांमधल्या निम्म्या घरांची लग्नं त्यांनी टिपली असतील. मंगलाष्टकं तोंडपाठ. एका लग्नात गुरुजींनी घाईत एक कडवं गाळलं, तर यांनी कॅमेऱ्यामागून आवाज दिला, "गुरुजी, एक राहिलं." नवऱ्याकडच्यांनी चौकशी केली, हे कोण जाणकार? नाव ऐकून गप्प बसले आणि पुढच्या दोन्ही मुलांच्या लग्नांना त्यांनाच बोलावलं.

धंदा त्यांनी बंद केला तो ड्रोन आले म्हणून नव्हे. ड्रोन त्यांनीही घेतला होता, तो एका मंगल कार्यालयाच्या नारळावर जाऊन बसला, ते सोडा. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. "आताची मुलं लग्नाच्या आधीच सगळं नाचून-बिचून शूट करून घेतात. लग्नात दमलेली असतात. आणि बाई, मला नवरा-नवरीत कधी रसच नव्हता. लग्न बघायचं तर अंतरपाट खाली येताना नवरीच्या आईचं तोंड बघायचं. सगळं लग्न तिथं असतं. मी दुसरा कॅमेरा कायम तिच्यावर लावून ठेवायचो."

हे मला त्यांनी पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं. मी तेव्हा 'हो का' म्हणून सोडून दिलं.

आमची ओळख झाली ती भांडणातून. मी चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर पोहायला शिकले. फ्रीस्टाईल जमायला लागली होती. अडचण एकच. मी सरळ जात नसे. पश्चिमेच्या भिंतीपासून पूर्वेला निघायची आणि ईशान्येला पोचायची. वाटेत दोघा-तिघांना धडकायची. "पेंडसेबाई सुटल्या!" असं कोणीतरी ओरडायचं आणि माणसं भिंतीला चिकटून उभी राहायची.

एक दिवस शिकलगार दांडीपासून म्हणाले, "बाई, रागावू नका. आपला एक हात दुसऱ्याच्या घरात जातोय."

"म्हणजे काय?"

"डोक्यासमोर मधली रेघ आहे असं धरा. एक हात ती ओलांडून पलीकडे पडतोय. म्हणून आपण वळता."

"मी सरळच जाते. तलाव वाकडा आहे."

"असेल," ते शांतपणे म्हणाले. "उद्या दाखवतो."

दुसऱ्या दिवशी ते काय घेऊन आले? पडद्याचा स्टीलचा रॉड, त्याच्या टोकाला कपडे वाळत घालायचे दोन चिमटे आणि त्यात प्लास्टिकच्या बंद पाकिटात ठेवलेला मोबाइल. मोबाइल अर्धा पाण्यात, अर्धा वर राहील असं रॉडचं टोक धरून ते काठाकाठाने माझ्याबरोबर चालायला लागले. जेमतेम निम्मं अंतर गेले असतील, दामले धावत आले. पाऊण तासात पाटी लागली. आमच्या तलावावर नळाचा वॉशर महिना महिना मिळत नाही, पाटी मात्र पाऊण तासात.

खरं सांगायचं तर दामल्यांचं काही चुकलं नव्हतं. पोहण्याच्या कपड्यांत कोणी कोणाचं शूटिंग करावं, हे कोणालाच आवडणार नाही. पण मला आता चेव आला होता. तलाव वाकडा आहे की मी, याचा निकाल लागायलाच हवा होता. मी बॅचमधल्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज लिहिला, शुद्धलेखनाच्या चुका काढून. शिकलगारांनी त्यात स्वतःची अट स्वतःच घातली. ज्याला हवं त्याचंच शूटिंग होईल. ते तिथल्या तिथे त्यालाच दाखवलं जाईल आणि त्याच्यासमोर पुसलं जाईल. घरी काही नेणार नाही. "बघितलं, कळलं, पुसलं," असं ते म्हणाले. दामल्यांनी अर्ज तीन वेळा वाचला, चौथ्यांदा चष्मा पुसून वाचला, आणि संध्याकाळी पाटीवर कंस आला.

तेव्हापासून रोज साडेदहाला काठावर शिकलगारांचा दरबार भरायचा. प्लास्टिकच्या खुर्चीवर टॅब, त्यावर ऊन लागू नये म्हणून धरलेली काळी छत्री आणि छत्रीखाली तीन-चार ओली डोकी. टॅबमध्ये त्यांचं लग्नाचं जुनं ॲप होतं. त्यात काहीही टाका, आपोआप सोनेरी चौकट यायची आणि सनई सुरू व्हायची. माझी पहिली फिल्म मी अशी पाहिली: गुलाबाच्या पाकळ्या पडताहेत, सनई वाजतेय, आणि मधून मी म्हशीसारखी पाणी उडवत येतेय. हसून हसून पोट दुखलं. पण मग शिकलगारांनी गती कमी केली, आणि सगळी डोकी टॅबजवळ सरकली. आपण पाण्यात काय करतो हे आपल्याला कधी माहीतच नसतं. मला वाटायचं, माझे पाय छान मागे सरळ आहेत. ते गुडघ्यात वाकून सायकल चालवत होते. मला वाटायचं, मी श्वासासाठी मान फक्त वळवते. मी ती चांगली वर काढून आजूबाजूला बघून घेत होते, गच्चीवरून बघावं तशी.

फ्रेम थांबवायची वेळ आली की शिकलगार "थांबा" म्हणत नसत. ते म्हणायचे, "सावधान!" आणि बोट दाबायचे. मंगलाष्टकांतल्या त्या शब्दावर चाळीस वर्षं त्यांचं बोट कॅमेऱ्याच्या बटणावर तयार राहिलेलं. "सावधान झालं की अंतरपाट खाली. दोन सेकंद. ते चुकले की लग्न परत लावता येत नाही. पोहण्यात पण तसंच आहे बघा. हात पाण्यात शिरतो ना, तो क्षण. तिथं चुकलं की पुढचं सगळं चुकलं."

तो शब्द त्यांनी आणखी एका कामाला लावला. आम्ही सगळे पाण्यात श्वास कोंडून धरायचो आणि मग धापा टाकायचो. ते म्हणाले, "तोंड पाण्यात असताना मनात नाही, खरंच म्हणा, साऽऽवधाऽऽन. गुरुजी म्हणतात तसं, लांबवून. शब्द संपला की हवा संपली, की तोंड बाजूला." ऐकायला वेडेपणा वाटेल, पण आठवड्यात सगळ्या बॅचचा दम वाढला. पाण्यावर बुडबुडे, आणि वरून पाहणाऱ्याला वाटावं की पाण्याखाली सतरा लग्नं लागताहेत.

आमचे जीवरक्षक मारुती जाधव, मांजरी गावचे, मिशीवाले, पंचेचाळिशीचे. शिकवणं हे त्यांचं काम, त्यामुळे आधी ते नाराज होते. "आमी बोंबलून सांगतोय पाय सरळ ठिवा, तर कोन ऐकत न्हाई. आन् टीव्हीवर दिसलं की लगी पटतंय." पण नंतर तेच छत्रीखाली डोकं घालायला लागले. म्हणायचे, "काका, त्यो मगाचा हात परत लावा की. ग्वाड दिसतोय."

आणि मग ती भानगड झाली.

पहिली फिल्म बघूनच शिकलगारांनी मला सांगितलं होतं, "बाई, आपला डावा हात आत पडतोय." मी कामाला लागले. मी शिक्षिका, गृहपाठ चोख. तीन आठवडे डावा हात बाहेर, आणखी बाहेर. आणि मी सरळ जाणं तर सोडाच, जास्तच वळायला लागले. पूर्वी ईशान्येला जायची, आता जवळजवळ उत्तरेला. शिकलगार रोज फिल्म बघायचे, कपाळाला आठ्या घालायचे आणि म्हणायचे, "हात तर अजून आतच पडतोय की. डावा. अजून बाहेर घ्या."

तिसऱ्या आठवड्यात दामले आले. फिल्म खरंच पुसली जाते की नाही, याची त्यांना खातरजमा करायची होती. छत्रीखाली वाकले, टॅबकडे बघितलं, आणि एकदम म्हणाले, "माझी पाटी उलटी कशी?"

सगळ्यांनी वाकून पाहिलं. माझ्यामागे दाराजवळ पाटी दिसत होती, आणि तिच्यावरची सगळी अक्षरं आरशात दिसावीत तशी उलटी होती. तीन आठवडे आम्ही रोज त्या फिल्ममध्ये ती पाटी बघत होतो आणि एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. दामल्यांना त्याचंच जास्त लागलं. "म्हणजे पाटीकडे कोणी बघतच नाही!"

शिकलगारांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी टॅब मांडीवर घेतला आणि हळूच सांगितलं. लग्नात वरात उजवीकडून डावीकडे जाताना टिपली गेली, किंवा नवरी चुकीच्या बाजूला आली, तर म्हातारी माणसं नाराज होतात. मग ते फ्रेम पलटवायचे. ॲपमध्ये एक बटण होतं, त्यावर अंगठा आपोआप जायचा. मी उजवीकडून डावीकडे पोहताना दिसत होते. ते बरं दिसत नव्हतं. म्हणून त्यांनी मला रोज पलटवलं होतं.

"म्हणजे चुकणारा हात उजवा?" मी विचारलं.

"उजवा," ते म्हणाले. त्यांनी दोन्ही कान पकडले. "माफ करा बाई."

माझं डोकं फिरलं. भूगोल शिकवणारीला तीन आठवडे डावं-उजवं कळलं नव्हतं, हे सगळ्या बॅचसमोर झालं होतं. मी ताडकन बोलले, "अहो, लग्नं आणि पोहणं यात काही फरक आहे की नाही? तुम्ही स्वतः एकदा पाण्यात उतरून हात मारून बघितले असतेत, तर कळलं असतं!"

शिकलगार खाली बघून म्हणाले, "मला पोहायला येत नाही, बाई."

 मग दामले म्हणाले, "वा! म्हणजे हजार लग्नं लावणारा भटजी ब्रह्मचारी." सगळे हसले. मीसुद्धा हसले. शिकलगारांनी टॅब पुसला, छत्री मिटली, रॉडचे चिमटे काढून खिशात ठेवले आणि सगळ्यांना सलाम करून गेले.

पुढचे चार दिवस ते आले नाहीत. इकडे मी उजवा हात सुधारला होता आणि दुसऱ्याच दिवशी भिंतीपासून भिंतीपर्यंत सरळ, अगदी आखल्यासारखी सरळ गेले होते. म्हणजे माणसाचं सगळं बरोबर होतं, फक्त बाजू चुकली होती. पलीकडे पोचून मी वर पाहिलं तर छत्री नाही. मला फार लागलं. ज्याने मला सरळ केलं, त्यालाच मी घालवलं होतं.

पाचव्या दिवशी मी कसबा पेठेत त्यांचं घर विचारत गेले. दुकानावरची एक खोली, भिंतीला पाठ लावून उभ्या केलेल्या जुन्या कॅसेटी, खिडकीत तुळस. "शेजारच्या काकू गावाला गेल्यात, त्यांची आहे," मी बघतेय हे पाहून ते म्हणाले. बेगम गेल्यापासून ते एकटेच होते. त्यांनी स्वतः चहा केला, आलं घालून, आणि बशीत दोन नानकटाया ठेवल्या.

"लहानपणी आम्ही सगळी पोरं नदीवर जायचो," ते म्हणाले. "सगळे पुलाजवळून उड्या मारायचे. मी सगळ्यांत किरकोळ. म्हणायचे, हुसेन, तू कपडे सांभाळ. मी सगळ्यांचे शर्ट-चड्ड्या मांडीवर घेऊन काठावर बसायचो. मग मोठा झालो, कॅमेरा आला. ते पण काठावरचंच काम. लोक लग्न करतात, आपण बघायचं. मला कधी वाईट नाही वाटलं हं. बघण्यात मजा असते. पण तुमच्या तलावात रोज त्या निळ्या रेघेपर्यंत चालत जायचो ना, जिथून खोल होतं... तिथून परत फिरायचो. रोज वाटायचं, एकदा पलीकडे जाऊन यावं."

"मग या की," मी म्हटलं.

"दसरा झाला की मुलगी नाशिकला नेतेय, कायमची. अडीच महिने राहिले. या वयात कसलं होतंय."

"अहो, मी साठाव्या वर्षी शिकले. मारुती शिकवतील. आणि शूटिंग मी करेन."

"तुम्ही?" ते पहिल्यांदा हसले. "तुम्हाला डावं-उजवं कळत नाही."

सोमवारी ते आले. दामले दारातच उभे होते. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. ते म्हणाले, "शिकलगार, भटजीचं लग्न कधी?" आणि स्वतः त्यांची पिशवी घेऊन आत गेले. आमच्याकडे माफी अशीच मागतात.

मग अडीच महिने उलटा दरबार. मारुती पाण्यात, शिकलगार त्यांच्या हातांवर पालथे, आणि मी रॉड घेऊन काठावर. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःची फिल्म दोनदा पाहिली. "चाळीस वर्षांत स्वतःला पहिल्यांदा बघतोय," ते म्हणाले. मग एक डोळा मिटला आणि धंदेवाईक आवाज लागला. "सावधान. हा माणूस सारखा वर बघतोय. याला काय चाललंय ते सगळं बघायचंय. मान वर, म्हणून पाय खाली. याला सांगा, तू पोह. बघायचं काम दुसरीकडे दिलंय." आणि मग माझ्याकडे वळून, "बाई, पुसा."

पण सांगणं सोपं होतं. त्यांचं तोंड पाण्यात राहीचना. एक 'सावधान' पुरा व्हायचा नाही. 'साव' म्हणेपर्यंत मान वर. मारुती म्हणायचे, "काका, म्या हाय न्हवं! कशाला बघताय?" गणपती आले, गेले. अर्ध्या अंतरापर्यंत, निळ्या रेघेपर्यंत ते जायला लागले. तिथे पोचले की थांबायचे. तळ दिसेनासा झाला की त्यांचे हातच थांबायचे. रोज. मला रात्री झोप लागेना. माझीच परीक्षा असल्यासारखं झालं होतं. घरी आमचे हे म्हणाले, "तू दहावीच्या निकालाला एवढी काळजी कधी केली नव्हतीस."

शेवटचा दिवस आला. दुसऱ्या दिवशी नाशिकची गाडी. सगळी बॅच काठावर, कोणीही पाण्यात नाही. शिकलगारांनी शर्ट-पँट काढून घडी घातली आणि इकडे तिकडे बघायला लागले, ठेवायची कुठे. दामले पुढे झाले. "द्या इकडे. मी सांभाळतो." त्यांना त्या नदीच्या गोष्टीतलं काहीही माहीत नव्हतं. मला माहीत होतं. शिकलगारांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कपडे दामल्यांच्या हातात दिले.

"आज रॉड नको," ते मला म्हणाले. "मोबाइल हातात धरा, वरून घ्या. ऊन आहे, पडद्यावर काही दिसणार नाही, तरी बटण दाबून नुसतं धरून ठेवा."

मी ओल्या अंगठ्याने बटण दाबलं आणि धरून ठेवलं. ते निघाले. मारुती बाजूने, हात न लावता. पहिला श्वास, दुसरा. बुडबुडे लांब येत होते. 'सावधान' पुरा होत होता. मान खाली होती. पाय सायकल चालवत होते, चालवू देत. मी काठाने चालत होते आणि काय काय ओरडत होते ते मला आठवत नाही. निळ्या रेघेपाशी ते आले आणि हात थांबले. मारुती पुढे झेपावणार, तेवढ्यात मागून खर्जात कोणीतरी सुरू केलं, "शुभमंगल..." वळून बघते तर दामले. हातात पँट-शर्ट, डोळे मिटलेले आणि गुरुजींसारखा लांबवलेला सूर. मग सगळ्यांनी उचललं, "साऽऽवधाऽऽन!" पाण्यातला हात उचलला गेला. उजवा. सरळ समोर पडला. मग डावा. प्रत्येक श्वासाला आम्ही 'सावधान' म्हणत होतो आणि ते येत होते, हळू, वेडेवाकडे पाय मारत, पण येत होते. भिंतीला हात लागला तेव्हा तलावावर जो आरडाओरडा झाला, तो रस्त्यापलीकडे ऐकू गेला असेल. दामल्यांनी त्याविरुद्ध अजून पाटी लावलेली नाही.

मारुतींनी त्यांना वर ओढलं. टॉवेल गुंडाळून ते खुर्चीवर बसले, धापा टाकत, चष्मा चढवला आणि हात पुढे केला. "दाखवा."

मी टॅब लावला. छत्री उघडली. सनई सुरू झाली, सोनेरी चौकट आली, पाकळ्या पडायला लागल्या. आणि चौकटीत मी. नुसती मी. बटण दाबताना माझा ओला अंगठा आधी कॅमेरा आपल्याकडे फिरवायच्या बटणावर पडला होता. पाणी नाही, शिकलगार नाहीत, तलाव कणभरही नाही. नुसतं माझं तोंड, आणि मागे आभाळ.

मला रडूच फुटलं. "अहो, अडीच महिन्यांनी हा दिवस, आणि मी..."

"श्श," ते म्हणाले. ते बघत होते. पडद्यावर मी ओठ चावत होते, मग ओरडत होते, "सोडा, श्वास सोडा!" मग एकदम तोंड उघडं राहिलं, गच्च थांबलं. ती निळी रेघ. मग दामल्यांचा सूर ऐकू आला आणि माझे डोळे मोठे झाले, मी हसायला लागले, नाक पुसलं, पुन्हा हसले. शिकलगारांचा एक डोळा मिटला होता. बोट तयार होतं.

"सावधान," ते म्हणाले, आणि दाबलं. "इथं माझा हात भिंतीला लागला."

खरंच लागला होता. तोंडावर दिसत होतं.

मी डोळे पुसून हात पुढे केला. बघितलं, कळलं, आता पुसायचं. नियम त्यांचाच होता. त्यांनी टॅब माझ्या हातापासून दूर घेतला, टॉवेलच्या आत, छातीशी.

"हे नाही पुसायचं, बाई," ते म्हणाले. "हे तोंड मी हजार लग्नांत टिपलंय. माझ्यासाठी कोणाचं असं होईल, असं वाटलं नव्हतं."

"पण उलटं आलं असेल हो," मी म्हटलं. 

"असू दे उलटं."

थोड्या वेळाने ते उठले. टॅब पिशवीत ठेवला, रॉड आणि चिमटे मारुतींना दिले. मग दारापाशी गेले. तिथे दामले पाटीखाली उभे होते, दोन्ही हातांवर कपडे धरून, घडी जराही न मोडता.

"द्या," शिकलगार म्हणाले. "पोहून आलो."